सटीचं जेवण: आधी माणसांची यादी, मग वाणसामानाची

खंडोबाच्या चंपाषष्ठीला, म्हणजे आमच्याकडच्या सटीला, काय रांधायचं ते कुठलंही कॅलेंडर सांगतं. वांग्याचं भरीत, बाजरीचा रोडगा, पातीचा कांदा, पुरण. तेवढ्यानं कुळाचार होत असता तर मी माझ्या ऑर्डरींच्या यादीत ‘सटीचं ताट’ टाकून मोकळी झाले असते. पण या जेवणाचं घोडं अडतं ते माणसांपाशी. तळीला, म्हणजे देवाच्या गजरात मिळून उचलायच्या ताम्हणाला, कोणाचे हात लागणार, दिवटी, म्हणजे देवापुढची छोटी मशाल, कोण धरणार, देवाचं ताट कोण वाढणार, कुत्र्याचा घास घेऊन खाली कोण उतरणार? हे आधी ठरलेलं नसलं की संध्याकाळी सात वाजता बाहेरच्या खोलीत पुरुष एकमेकांची तोंडं बघत उभे राहतात, आत बायका धुमसतात आणि तव्यावरचा रोडगा करपतो. म्हणून ही पद्धत सांगताना मी वांग्यापासून सुरुवात करणार नाही.

मी कोपरखैरण्यात राहते, घरून भाकरी-पोळीच्या ऑर्डरी घेते. सासर कराड तालुक्यातलं, देव पालीचा खंडोबा. तारळी नदीच्या काठी देऊळ आहे, पौषात तिथं देवाचं म्हाळसेशी लग्न लागतं आणि भंडाऱ्यानं, म्हणजे उधळलेल्या हळदीनं, माणसं ओळखू येत नाहीत. मामंजी कांदा-बटाटा मार्केटात माथाडी होते, आमचे हेही तिथंच टोळीत आहेत. 1969 च्या माथाडी कायद्यानं हमालाच्या नावाची बोर्डात नोंद झाली, त्याला रजा आणि फंड मिळाला. पुढं मुंबईतली घाऊक मार्केटं तुर्भ्याला आली आणि त्यांच्या मागोमाग सातारा-सांगलीकडची घरं कोपरखैरणे-घणसोलीत आली. प्रत्येक घर येताना आपला देव घेऊन आलं. गावाकडं वाड्यात जे विधी होत, ते आता एका खोलीत आणि ओट्याएवढ्या स्वयंपाकघरात बसवायचे असतात. ते बसतात, पण मोजून-मापून.

आमच्या घरात आषाढातल्या कांदेनवमीला कांद्याची भजी होतात, आणि त्यानंतर थेट सटीपर्यंत कांदा, लसूण आणि वांगं बंद. चातुर्मास कार्तिकी एकादशीला संपतो, पण खंडोबाची घरं मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीपर्यंत थांबतात. मामंजी दिवसभर पाठीवर कांद्याच्या गोण्या वाहायचे आणि घरी येऊन बिनकांद्याची आमटी जेवायचे. जवळजवळ पाच महिने हे असं चालायचं. आपण कोण, हे त्यांना कोणाला सांगावं लागत नसे. गाळ्यावर भजी आली की बाकीचे आपोआप बटाट्याची भजी त्यांच्याकडं सरकवायचे.

पहिला फोन

खंडोबाचे चांदीचे टाक, म्हणजे देव्हाऱ्यातल्या देवाच्या छोट्या प्रतिमा, साधारणपणे थोरल्या घरात असतात. भाऊ वेगळे झाले, चुली वेगळ्या झाल्या, तरी देव वाटून घेत नाहीत. तुमच्याकडं टाक असतील तर मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला घट बसवायचे, सहा दिवस नंदादीप, रोज एक माळ, आणि सटीला उठवायचे. टाक गावी थोरल्याकडं असतील तर इथं घट बसवायची गरज नाही. सटीचा नैवेद्य आणि तळी एवढंच करायचं. हा फरक आधी स्पष्ट करून घ्या. धाकट्या घरानं परस्पर घट बसवले तर ‘देव वेगळा केला’ असा अर्थ गावाकडं लागतो आणि ते वर्षभर निस्तरावं लागतं.

म्हणून महिनाभर आधी गावी फोन करायचा. रिवाजाप्रमाणं तो थोरल्या दिरांना करतात. मी थोरल्या जाऊबाईंना, म्हणजे अक्कांना, करते. परवानगी भावजींची लागते, पण तळी किती वाजता उचलणार, पुरण एक किलोचं घालणार की दोन, यंदा कोणाच्या घरी सुतक आहे, हे सगळं अक्कांनाच ठाऊक असतं. त्यांच्याशी वेळ ठरवली की नंतर यांना भावजींना औपचारिक फोन करायला लावते. दोघांचाही मान राहतो.

नोकरी करणाऱ्या जोडप्याकडं टाक असतील तर सहा दिवस बंद घरात दिवा ठेवू नका. समई पाण्याच्या परातीत ठेवली तरी वारा आणि पडदा यांचं काही सांगता येत नाही. घरी कोणी असेल तेवढाच वेळ दिवा लावावा. आमच्या आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, हे स्वतः सांगितलं. आणि त्या साध्यासुध्या भाविक नव्हेत, अजून दर रविवारी उपास करतात.

माणसांची यादी

वहीचं एक पान घ्या आणि खालून वर लिहीत जा, म्हणजे आधी लहान कामं. कुत्र्याचा घास. खोबरं फोडणं. पानं-सुपारी आणणं. पाहुण्यांना पाणी. मग वाढपी. मग भांडी घासणारे. (भांड्यांसमोर नाव लिहिलं नाही तर ती जागा तुमचीच समजा.) सगळ्यात शेवटी दिवटी आणि तळी. वरून सुरुवात केली की मानाच्या जागा आधी भरतात, आणि मग पाणी भरायला कोणी उरत नाही.

तळीला विषम हात लागतात, पाच, सात किंवा नऊ. गावाकडं भावकीतून दहा मिनिटांत नऊ माणसं उभी राहतात. इथं घरात हे आणि मुलगा, दोघंच. बाकीचे तीन कुठून आणायचे, यावरून आपण कोणाला आपलं मानतो ते उघडं पडतं. आमच्याकडं एक हात यांच्या टोळीतल्या मुकादमांचा असतो, एक भाच्याचा, आणि एक शेजारच्या आगरी काकांचा, जे मूळ कोपरखैरण्याचेच. पहिल्यांदा त्यांना बोलावलं तेव्हा गावाकडून विचारणा झाली की ते आपल्यातले आहेत का. यांनी उत्तर दिलं की देवालाच विचारा. ते उत्तर मला फार आवडतं, कारण ते नुसतं फटकळ नाही, बरोबरही आहे. खंडोबाची म्हाळसा लिंगायत वाण्याची, बाणाई धनगराची. लोककथांमध्ये तर त्याच्या पाच बायका आहेत, त्यात शिंपीण आणि माळीणही येते. ब्राह्मण, मराठे, धनगर, रामोशी सगळे त्याला कुळाचा देव म्हणतात, आणि मुसलमान भाविक मल्लूखान म्हणून ओळखतात. अशा देवाच्या तळीला शेजारच्या माणसाचा हात चालत नाही म्हणणं जरा अवघडच आहे.

जावयाचं प्रत्येक घरात वेगळं असतं. आमच्याकडं जावई तळीला चालतो, पण मोजणीत धरत नाहीत, म्हणजे त्याच्याशिवाय विषम संख्या व्हायला हवी आणि त्याच्यासकट ती सम होते, म्हणून त्यानं भंडारा उधळायचा. हे ऐकायला पोरकट वाटेल, पण नणंदेच्या यजमानांना ऐन वेळी ‘तुम्ही जरा बाजूला व्हा’ म्हणण्यापेक्षा भंडाऱ्याची वाटी आधीच त्यांच्या हातात दिलेली बरी.

आणि मुली. आमची मुलगी ऐरोलीच्या आयटी पार्कात नोकरीला आहे. तिनं विचारलं, मी का नाही उचलायची? आत्याबाई म्हणाल्या, तुझं लग्न झालं की तुझा देव बदलणार. त्यांचं म्हणणं नियम म्हणून खरंच आहे. पण त्या नियमाची दुसरी बाजू मी त्यांना दाखवली. लग्नानं बाईचा देव बदलतो, तर मग हे जेवण आजवर रांधलं कोणी? मी भैरोबाच्या घरातली. आत्याबाई जोतिबाच्या. थोरल्या जाऊबाईंचं माहेर देवीचं. खंडोबाच्या घरात जन्मलेल्या बाईनं खंडोबाचा नैवेद्य रांधलाय असं आमच्या घरात एकदाही झालेलं नाही. कुळाचार कुळाचा खरा, पण तो पाठ असतो बाहेरून आलेल्यांना. आत्याबाई बराच वेळ पीठ चाळत राहिल्या, मग म्हणाल्या, दिवटी धरू दे तिला. तेव्हापासून दिवटी तिच्याकडं आहे. तळीचं अजून ठरलेलं नाही. तुमच्याकडं ठरलं असेल तर उत्तमच, पण ठरवायचं ते आदल्या आठवड्यात, तळी पुढ्यात ठेवून नव्हे.

देवाचं ताट कोणी वाढायचं, हा त्याहून नाजूक भाग. रिवाज म्हणतो सवाष्णीनं. मामंजी गेल्यावर आत्याबाई आपण होऊन देव्हाऱ्यापासून मागं सरल्या. ताटात काय कुठं वाढतात, रोडग्यावर वांग्याची फोड ठेवायची की शेजारी, पुरणावर तुपाची धार किती, हे सगळं त्यांच्याकडून शिकलेली मी पुढं, आणि त्या दारात उभ्या राहून खुणा करतायत! मी एक वर्ष तसं चालू दिलं. पुढच्या वर्षी ताट त्यांच्या हातात दिलं आणि म्हटलं, मला वाढता येत नाही, तुम्ही वाढा. सगळ्यांना ठाऊक होतं की मला येतं. कोणी काही बोललं नाही. तुमच्या घरात अशी कोणी असेल तर वाद घालू नका, सभा भरवू नका. ताट नुसतं हातात द्या.

पाळीचं काय, हे माझ्याकडं भाकऱ्या शिकायला येणाऱ्या पोरी हळूच विचारतात. माझ्या घरी मी विचारत नाही आणि मुलगी सांगत नाही. एकत्र कुटुंबात पाळतच असतील तर निदान त्या दिवसाचं काम दोघींना येत असलं पाहिजे, म्हणजे एकीवर आभाळ कोसळत नाही. पुरण एकीलाच येतं, असं घर चांगलं नव्हे.

आता वाणसामान

पंधरा माणसांचं माप सांगते. भरताची वांगी 3 किलो. बाजरीचं पीठ 2 किलो. हरभरा डाळ 1 किलो आणि तेवढाच गूळ, याच्या मध्यम आकाराच्या तीसेक पोळ्या होतात. पातीच्या कांद्याच्या 5 जुड्या, ओला लसूण मिळाला तर तो 2 जुड्या. ठोंबऱ्यासाठी ज्वारी पाव किलो. सुकं खोबरं 4 वाट्या, विड्याची पानं 25, सुपाऱ्या, आणि भंडारा.

भंडाऱ्यासाठी सुट्या पिवळ्या पुड्या घेऊ नका, काहींत नुसता रंग असतो. तो कपाळाला लावायचा असतो आणि खोबऱ्याबरोबर पोटातही जातो. मी मसाला मार्केटमधून सांगलीची हळकुंडं आणून चक्कीवर दळून घेते. वर्षभराच्या स्वयंपाकालाही तीच होते.

बाजरी मात्र आदल्या दिवशीच दळा. बाजरीत तेलाचा अंश जास्त, त्यामुळं पीठ ठेवलं की कडू पडतं. ज्यांना बाजरी आवडत नाही म्हणतात, त्यांनी बहुतेक वेळा महिनाभर डब्यात राहिलेलं पीठ खाल्लेलं असतं.

वांगी घेताना हातात तोलून बघा. आकारानं मोठं पण वजनाला हलकं ते घ्या, जड वांग्यात बिया जास्त. थंडीत भाजी मार्केटला जळगावकडची हिरवट-पांढरी भरताची वांगी येतात, त्यांचा गर गोड असतो. आत्याबाईंना मात्र जांभळंच लागतं. त्यावर आमच्याकडं चर्चा होत नाही.

स्वयंपाक

आदल्या रात्री ज्वारी भिजत घाला. ठोंबरा आता फार घरांत होत नाही, पण सोपा आहे आणि माझ्या मते सगळ्या ताटात तोच सगळ्यात जुना पदार्थ वाटतो. भिजलेली ज्वारी कुकरला मऊ शिजवायची, गार झाली की दही आणि मीठ घालून कालवायची. बस. फोडणी नाही, साखर नाही. मुलं नाक मुरडतात. वाटीभर करा, नैवेद्याला दाखवा आणि प्रत्येकाच्या पानात चमचाभर वाढा.

पुरण सकाळी. डाळ बोटानं चेपली की मोडावी इतकी शिजवा, पाणी निथळून कटाच्या आमटीला बाजूला ठेवा, मग गूळ. पुरणात उलथनं उभं राहिलं की झालं. याहून जास्त सांगत बसत नाही, पुरण सगळ्यांनाच येतं किंवा विकत तरी मिळतं, आणि विकतच्या पुरणाला देव रागावल्याचं मी ऐकलेलं नाही.

भरीत दुपारी चारनंतर, कारण ते ताजंच हवं. वांग्याला आधी एक उभी चीर द्या. त्यानं दोन कामं होतात, आत अळी आहे का ते दिसतं आणि गॅसवर वांगं फुटत नाही. चिरेत लसणाच्या दोन पाकळ्या आणि एक हिरवी मिरची खोचा, बाहेरून तेलाचा हात फिरवा आणि थेट आचेवर ठेवा. शेगडीच्या बर्नरभोवती फॉइल लावून घ्या, नाहीतर रस गळून भोकं बुजतात. आच मध्यम. देठापाशी सुरी सहज आत गेली की उतरवा आणि पाच मिनिटं झाकून ठेवा, साल आपोआप सुटते. साल काढताना वांगं नळाखाली धरू नका. धुराचा वास हाच तर त्या भरताचा प्राण, तो मोरीत कशाला घालवायचा? 3 किलो वांगी दोन शेगड्यांवर भाजायला तासभर लागतो. खिडकी उघडी ठेवा आणि वरच्या मजल्यावर कपडे वाळत असतील तर सांगून ठेवा.

गर हातानं मोडायचा, मिक्सर नको. त्यातली भाजलेली मिरची-लसूण मिठाबरोबर चुरडून घाला. भाजलेल्या शेंगदाण्यांचं जाडसर कूट, कोथिंबीर, आणि मूठ-मूठ चिरलेली कांद्याची पात. तेलाची फोडणी वरून, मोहरी-जिरं-हळदीची. कांदा त्यात शिजवू नका. जवळजवळ पाच महिन्यांनी पहिल्यांदा तोंडात येतोय, तो कच्चाच करकरला पाहिजे.

रोडगा गावी शेणींच्या आरात भाजतात, कणकेचा जाड गोळा वरून करपलेला आणि आतून मऊ. इथं ते शक्य नाही. तव्यावरचा उपाय असा: बाजरीचं पीठ कढत पाण्यात मीठ घालून भिजवा, बाजरीला चिकटपणा कमी असल्यामुळं गार पाण्यानं भाकरीला चिरा पडतात. एका वेळी दोनच रोडग्यांचं पीठ घ्या आणि तळहाताच्या टाचेनं चांगलं मळा. तळव्याएवढा, अर्धं बोट जाड थापा. तवा तापला की आच बारीक करा, रोडग्यावर झाकण ठेवा, दोन्ही बाजूंनी चार-चार मिनिटं, मग जाळीवर थेट आचेवर डाग पडेपर्यंत. देवासाठी पाच करा. माणसांसाठी नेहमीच्या पातळ भाकऱ्या केल्या तरी चालतात. पंधरा माणसांचे रोडगे करत बसलात तर तळी होईपर्यंत तुमचा हात खांद्यातून निखळेल.

तळी

वेळ दिवेलागणीची ठेवा. मार्केटची माणसं तोवर अंघोळ करून मोकळी होतात, आयटी पार्कवाली मात्र अजून ट्रान्स-हार्बरच्या गर्दीत असते. आम्ही साडेसात धरतो आणि गावाकडं त्याच वेळी उचलतात. व्हिडिओ कॉल लावून मोबाइल देव्हाऱ्याशेजारी टेकवायचा. आवाज थोडा मागंपुढं होतो, म्हणून आपल्या गतीनं म्हणा, गावाच्या मागं धावू नका.

फरशीवर जुनी सतरंजी अंथरा. मध्ये पाट. तांब्याच्या ताम्हणात विड्याची पानं, सुपारी, एक नाणं, खोबऱ्याचे तुकडे आणि भंडारा. दिवटी बुधलीतल्या तेलानं भिजवून पेटवा, धरणारीनं पदर-ओढणी खोचून घ्यायची आणि पंखा बंद. पुरुष ताम्हणाभोवती बसतात, सगळ्यांचा उजवा हात ताम्हणाखाली. थोरला म्हणतो, बाकीचे साथ देतात: हर हर महादेव, चिंतामणी मोरया, आनंदीचा उदे उदे, भैरोबाचं चांगभलं, सदानंदाचा येळकोट, येळकोट येळकोट जय मल्हार. आमच्याकडं तीन वेळा उचलतात. काही घरांत पाच.

त्यातलं ‘भैरोबाचं चांगभलं’ मी स्वयंपाकघरातून म्हणते, आणि मोठ्यानं म्हणते. माझ्या माहेरचा देव तेवढ्यापुरता या घरात येतो. सुनेच्या माहेरचा देव आरोळीत कुठं बसतो ते तिला दाखवून द्या. तिला त्या दिवशी नुसतं राबायला बोलावलंय असं वाटणार नाही.

तळी खाली ठेवली की भंडारा आधी देवाला, मग सगळ्यांच्या कपाळी. खोबरं-भंडारा वाटायचा. उधळायचा तो चिमटीनं, मुठीनं नव्हे, निदान भाड्याच्या घरात तरी.

कोण आधी जेवणार

पहिला घास कुत्र्याचा, कारण खंडोबाच्या पायाशी कुत्रा असतोच. पण आपल्या ताटातलं जसंच्या तसं देऊ नका. कांदा आणि लसूण कुत्र्याला विषारी असतात. त्याच्यासाठी एक बिनमिठाचा रोडगा दुधात कुस्करून वेगळा ठेवा. हे काम लहान मुलाला द्या, सोबत एक मोठा. आमच्या गल्लीतल्या कुत्र्यांना सट कळते, अशी मुलांची खात्री आहे.

पंगतीचा जुना क्रम म्हणजे तळी उचललेले पुरुष, मग मुलं, मग बायका. तोवर भरीत गार आणि रोडगा दगड. मी तो क्रम मोडला, पण तत्त्व सांगून नाही, जागेचं निमित्त करून. खोलीत एका वेळी आठच माणसं बसतात. तेव्हा पहिल्या पंगतीला तळीचे पाहुणे, आत्याबाई, आणि ज्यांना पहाटे उठायचंय ते. पहाटे चारला मार्केटला जाणारा असो की सकाळच्या शिफ्टची मुलगी, दोघं शेजारी बसतात. दुसऱ्या पंगतीला पहिल्या पंगतीतले दोन पुरुष वाढतात. त्यांची नावं वहीत आधीच लिहिलेली असतात, म्हणून कोणी लाजत नाही. मुकादमांना पहिल्यांदा भाकरी वाढताना पाहून यांनी मान खाली घातली होती. आता मुकादमच विचारतात, आमटी कुठाय.

जे आले नाहीत त्यांचे डबे जेवायला बसण्यापूर्वी भरा. उरलंसुरलं पाठवलेलं ओळखू येतं. घरात सुतक असलेले, आजारी, रात्रपाळीला गेलेले, आणि ज्यांच्याशी यंदा बोलणं बंद आहे असे एक-दोन. शेवटच्यांकडं मुलांना पाठवा, मोठ्यांनी जाऊ नये. भरीत सकाळपर्यंत बाहेर राहत नाही, फ्रिजमध्ये ठेवा. उरलेला रोडगा दुसऱ्या दिवशी कुस्करून कांदा-मिरचीच्या फोडणीत परतला की नाश्ता होतो.

राहता राहिले डाग. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लालभडक होतो, घाबरू नका आणि घासतही बसू नका. कपडा धुऊन ओला असतानाच उन्हात टाका. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही, दोन-तीन उन्हांत पिवळा डाग उडतो. फरशीच्या फटीत बसलेला भंडारा आधी कोरड्या फडक्यानं टिपा, पाणी नंतर. आणि भिंतीला ताजा रंग दिला असेल तर उधळणाऱ्या जावयांना गॅलरीत उभं करा.